दोनशे पावलांचा नेम

गुरुशांतला या सगळ्यात मिळणार होती शंभर पावलं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिठाच्या गिरणीपासून स्वतःच्या पेंडीच्या दुकानापर्यंतची. त्या शंभर पावलांत सिद्धेश्वराच्या यात्रेतला नंदीध्वज त्याच्या कंबरेवर असणार, दोन्ही बाजूंची माणसं ‘हर्र बोला हर्र’ म्हणणार, आणि दुधनीहून आलेला मेहुणा निंगप्पा दुकानाच्या पायरीवर उभा राहून, तोंड मिटून, ते बघणार. यातलं ‘तोंड मिटून’ सगळ्यात मोलाचं. तेवढं नक्की मिळत असतं तर गुरुशांतनं पन्नास पावलांवरही सौदा पक्का केला असता.

आणि द्यायचे होते अकरा किलो. तेही स्वतःच्या पोटाचे. म्हणजे वरवर बघता घाटा कुठंच नव्हता.

नंदीध्वजाला गल्लीत सगळे नुसतं काठी म्हणतात. दोन-तीन माणसं एकावर एक उभी केली तरी शेंड्याला हात लागू नये, एवढी ती उंच. वर बाशिंग, गोंडे, हार. कंबरेला चामड्याचा पट्टा बांधायचा, त्यात काठीचा बुडखा टेकवायचा, दोन्ही हातांनी ती पेलायची आणि नजर शेंड्यावर ठेवून चालायचं. खाली बघायचं नाही. खड्डा, गाय, लहान पोर, हे सगळं बघायला आजूबाजूला माणसं असतात. ती सांगतील तसं पाऊल टाकायचं.

गुरुशांतनं हे चौदा वर्षं केलं होतं. नऊ वर्षांपूर्वी यात्रेच्या सकाळी त्यानं पांढरी बाराबंदी अंगात घातली, तर बारा बंदांतले आठच एकमेकांना भेटले. उरलेल्या चारांमध्ये पोट येऊन बसलं होतं, आणि ते उठायला तयार नव्हतं. त्या वर्षापासून तो पायरीवर उभा राहून पेलणाऱ्यांना सूचना द्यायला लागला. सूचना देणाऱ्याचं पोट कुणी बघत नाही, असा त्याचा समज होता.

निंगप्पा बघायचा. शिवलीलाचा हा धाकटा भाऊ अंगानं उसाच्या चिपाडासारखा. आयुष्यात त्यानं छत्रीपेक्षा जड काही उचललं नव्हतं, पण यात्रेला पाच दिवस बहिणीकडे मुक्कामाला यायचा आणि चार माणसं जमली की सुरू व्हायचा. “एन्री, काय हो दाजी, लोक म्हणतात तुम्ही काठी सोडली. खोटं आहे. काठीनंच तुम्हाला सोडलं. ती म्हणाली, आम्ही दोघं एका गल्लीत मावायचं कसं?”

लोक हसायचे. शिवलीलाही पदर तोंडाला लावायची. गुरुशांतला निंगप्पाच्या हसण्यापेक्षा तो पदर जास्त लागायचा.

म्हणून यंदा दिवाळीचा फराळ संपायच्या आत तो अमरेशकडे गेला. अमरेश बत्तीस वर्षांचा, गल्लीतल्या काठीवाल्या पोरांचा पुढारी. कुणी कुठून कुठपर्यंत पेलायचं, ते ठरवायचं काम त्याच्याकडे.

“काका, नियम सगळ्यांना एकच,” अमरेश म्हणाला. “यात्रेच्या आधीच्या आधीच्या रविवारी सरावाची काठी घेऊन शंभर पावलं चालून दाखवा. हेलकावा दिसायला नको. दिसला तर पुढच्या वर्षी.”

“पुढच्या वर्षी मी त्रेपन्नचा होईन.”

“काठी त्याहून म्हातारी आहे, काका.”

मग सात आठवडे गुरुशांतनं जीव काढला. पहाटे तळ्याभोवती फेऱ्या. दुपारी गोदामात पेंडीची पोती छातीशी धरून उठाबशा. संध्याकाळी सरावाची काठी. या सगळ्यात त्याच्या मागं सावलीसारखा होता बिभीषण, दुकानातला हमाल. उजनीकाठच्या गावचा, चाळिशीचा, बोलायला मोकळा आणि विचार करायला जरा सावकाश. मालकाला दम लागला की काठी तो स्वतःच्या कंबरेला घ्यायचा, मालक पाणी पिऊन येईपर्यंत. मालक पाणी फार सावकाश प्यायचे.

घरात भजी बंद. कडक भाकरी चटणीबरोबर, तीही अर्धी. शेंगाची पोळी नुसती बघायची. पण वजन उतरलं. त्र्याण्णवचे ब्याऐंशी झाले. नव्या बाराबंदीचे बाराच्या बारा बंद जुळले आणि वर दोन बोटं जागा राहिली. रविवारी अमरेशसमोर त्यानं एकशे चार पावलं टाकली. शेंडा हलला नाही.

“काका, जागा तुमची,” अमरेश म्हणाला आणि यादीत नाव घातलं.

माणसानं इथं थांबायचं असतं. पण जिंकलेल्या माणसाला जिंकणं पुन्हा एकदा करून बघावंसं वाटतं.

मंगळवारी सकाळी आठला, अंघोळ करून, गुरुशांत गच्चीवर गेला. यात्रेला नऊ दिवस होते. गच्चीवर वाळवणाचा लांब बांबू उभा होता. त्यानं तो धोतराच्या कंबरपट्ट्यात टेकवला, दोन्ही हातांनी धरला आणि नजर शेंड्यावर लावली. शेंड्यावर एक कावळा येऊन बसला आणि उडाला. गुरुशांतला तो शकुन वाटला. पहिलं पाऊल. दुसरं. तिसरं. खाली बघायचं नाही, हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की खाली बघून सांगायला आज कुणी नाही, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

निंगप्पानं यात्रेच्या चटणीसाठी दुधनीहून पोतंभर भुईमुगाच्या शेंगा आधीच पाठवल्या होत्या. शिवलीलानं त्या जुन्या लुगड्यावर पसरून गच्चीभर वाळत घातल्या होत्या. चौथं पाऊल त्यांच्यावर पडलं.

खाली स्वयंपाकघरात शिवलीलानं आधी बांबूचा आवाज ऐकला, मग नवऱ्याचा. दुसरा आवाज जास्त वेळ चालला.

ती वर आली तेव्हा गुरुशांत शेंगांत बसला होता आणि उजव्या घोट्याला दोन्ही हातांनी असं धरून होता, जणू तो कुठं पळून जाईल.

“दवाखान्यात चला,” ती म्हणाली.

“नको.”

“अहो, बघा तरी कसा फुगलाय!”

“दवाखान्यात कंपाउंडर कोण आहे? अमरेशचा मावसभाऊ. पायाचा फोटो काढून होईपर्यंत माझं नाव यादीतून गेलेलं असेल. मुरगळलाय नुसता. पाच दिवसांत उतरेल. नऊ दिवस आहेत.”

“आणि पाच दिवस लंगडताना लोकांना दिसणार नाही?”

“मी चाललो तर दिसेल ना.”

शिवलीलानं हळद-मिठाचा लेप लावला. बिभीषणनं मालकाला पाठीवर घेऊन जिन्यानं खाली आणलं, दुकान उघडायच्या आत गादीवर बसवलं आणि पायांवर शाल टाकली. घर मागं, दुकान पुढं, त्यामुळे एवढं तरी जमलं.

दहाच्या सुमारास अमरेश आला. “काका, संध्याकाळी या. आज सगळ्यांनी मिळून सराव आहे.”

गुरुशांतनं तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार, हे त्यालाही माहीत नव्हतं. “नेम धरलाय,” तो म्हणाला.

“कसला?”

“काठी कंबरेला लागेपर्यंत ही बैठक मोडायची नाही. सराव झाला. आता नामस्मरण.”

अमरेशनं पायातल्या चपला पायरीखाली काढून ठेवल्या. आल्यापासून त्या घालूनच उभा होता. “काका, आमच्या पिढीत हे राहिलं नाही,” तो हळू आवाजात म्हणाला आणि गेला.

तो गेल्यावर बिभीषण जवळ आला. “मालक, नेम कसला त्ये नीट ठरवून द्या. लोक मला इचारणार.”

“सांग काहीही.”

हे दोन शब्द गुरुशांतला फार महाग पडले. बिभीषणनं ते शब्दशः घेतले. दुपारपर्यंत गल्लीला कळलं की मालक एकभुक्त आहेत. त्या दिवशी रात्रीची अर्धी भाकरीही गेली, कारण खिडकीतून कुणी बघितलं तर?

बुधवारी गिरणीवाल्या बजाबाई आल्या. गिरणीपासून काठी निघणार म्हणून त्यांना या नेमाबद्दल जवळीक वाटत होती. त्यांनी बाहेरच बिभीषणला गाठलं, मग आत येऊन लांबून हात जोडले आणि गेल्या. त्या गेल्यावर शिवलीलानं चहा आणला. बिभीषणनं कप मधेच अडवला.

“वैनी, मालकांनी च्या सोडलाय.”

“कधी?” गुरुशांतनं विचारलं.

“आत्ता. बजाबाई इचारत हुत्या, सोडलंय काय काय? कायतरी सोडल्याबिगार नेम व्हतो व्हय? मला काय सुचंना. आत वैनी कप भरत हुत्या, त्यो दिसला. म्हनलं, च्या.”

“अरे, मग पेंड म्हणायचं! समोर पोतं होतं!”

“पेंड कोन सोडतं, मालक?”

गुरुवारी सकाळी त्याहून वाईट झालं. गुरुशांत एका गिऱ्हाइकाला भाव सांगत होता, तर गिऱ्हाईक दचकून मागं सरकलं. बाराच्या आत मालक बोलत नाहीत, असं बिभीषणनं त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

“मी सकाळपासून तिघांशी बोललोय!” गुरुशांत दातओठ खात कुजबुजला.

“मग आता बंद करा की मालक. मी सांगून बसलोय.”

असा नेम वाढत गेला. घोटाही वाढत गेला. दुपारी शटर अर्धं ओढून शिवलीला आणि बिभीषण त्याला दोन्ही काखांत धरून आत मोरीपर्यंत न्यायचे आणि परत आणून बसवायचे. त्या दहा मिनिटांत मालक ध्यानाला बसतात, अशी गल्लीची समजूत होती. लोक शटरसमोरून जाताना आवाज कमी करायचे. एकानं गादीसमोर नारळ ठेवला. एकानं मुलीच्या लग्नाचं कधी जमेल ते विचारलं. बारा वाजायचे होते म्हणून गुरुशांतनं नुसती तीन बोटं वर केली. हात अवघडला होता, एवढंच. पण तो माणूस समाधानानं गेला.

शुक्रवारी अमरेश आला तो डोळे भरून. “काका, तुमच्यासारख्याला शंभर पावलं देणं म्हणजे तुमचा अपमान. मी पोरांशी बोललो. तुमच्या पुढची जागा ज्याची होती, त्यानं स्वतःहून सोडली. आता गिरणीपासून थेट मारुतीच्या देवळापर्यंत. दोनशे.”

शिवलीला आतल्या दारात उभी होती. तिनं कपाळाला हात लावला. अमरेशला वाटलं, नमस्कार करतेय.

शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा गुरुशांतनं शाल बाजूला केली आणि गादीवर बसूनच उजवा पाय फरशीला टेकवून बघितला. अंगठा टेकला. बोटं टेकली. टाच टेकताना डोळ्यांपुढं असा अंधार आला की हाताशी असलेला तराजू धरून तो बसून राहिला. पाच दिवस झाले होते आणि पाय उतरायच्या ऐवजी पिकत चालला होता.

मग पहिल्यांदाच त्यानं नीट विचार केला. आतापर्यंत तो फक्त पायरीवर उभ्या असलेल्या निंगप्पाचा चेहरा बघत होता. आता त्याला पायरीखालची माणसं दिसली. कडेवर पोरं घेतलेल्या बाया. गर्दीत पुढं घुसलेली म्हातारी. पायानं दगा दिला आणि काठी गेली, तर ती एकट्या गुरुशांतवर जाणार नव्हती. इतकी वर्षं ती पेललेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती. चुलीत गेला निंगप्पा. सोमवारी अमरेशला सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. रविवारी सांगितलं असतं, पण रविवारी सकाळपासून दर्शनालाच माणसं येत होती, आणि एवढ्या लोकांसमोर खरं बोलायला धीर लागतो.

सोमवारी अकराला अमरेश आला. बरोबर काठीची चार पोरं, हातात मोठा हार.

“अमरेश,” गुरुशांत म्हणाला.

अमरेश घाईनं पुढं झाला. “नाही, नाही, काका! बारा वाजायचेत.”

“अरे, ऐक...”

“नका मोडू, काका! आमच्यासाठी नका मोडू. आम्ही थांबतो. काय असेल ते बारानंतर सांगा.” आणि ती पाचही जणं समोर पोत्यांवर हात जोडून बसली.

गुरुशांतनं खुणा करून बघितल्या. पायाकडे बोट दाखवलं. अमरेशनं पोरांना हळूच सांगितलं, “बघा, पावलं मोजतायत मनात.”

साडेअकराला दुकानासमोर रिक्षा थांबली आणि पिशवी घेऊन निंगप्पा उतरला. स्टँडपासून रिक्षावाल्यानं त्याला सगळं ऐकवलं होतं: एकभुक्त, चहा बंद, मौन, सहा दिवस बैठक. निंगप्पा थट्टेखोर होता, पण देवाच्या बाबतीत भित्रा होता. नऊ वर्षांचं सगळं बोलणं त्याला रिक्षात एकदम आठवलं होतं.

तो पायरी चढला. पिशवी ठेवली. टोपी काढली. “दाजी,” तो म्हणाला. “मी मूर्ख माणूस. फार बोललो तुम्हाला. चुकलं माझं.”

नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते हे समोर आलं होतं. गुरुशांतच्या डोळ्यांत पाणीच आलं. पुढं काय होणार, हे त्याला वेळेत सुचलं नाही. निंगप्पा खाली वाकला, शालीखाली हात घातले आणि दाजींचे दोन्ही घोटे घट्ट धरले.

“अय्यय्यो! सोड!”

गल्लीतली कुत्री उठली.

“नाही सोडणार!” निंगप्पानं आणखी घट्ट धरलं आणि उजव्या पायावर कपाळ आपटलं. “आधी माफ केलं म्हणा!”

“माफ केलं! माफ केलं! सोड, मुडद्या! शिवलीलाऽ!”

शिवलीला धावत आली, भावाला सदऱ्याला धरून मागं ओढलं. त्याच्या हाताबरोबर शाल आली. आणि दुकानात बसलेल्या सगळ्यांना गुरुशांतचा उजवा पाय दिसला. आकारानं वांग्याएवढा, आणि रंगानंही तोच.

अमरेश उठला, जवळ गेला, वाकून बघितलं.

“काका,” तो म्हणाला, “हा नेम पडला कधी?”

“मंगळवारी. सकाळी आठला,” बिभीषण म्हणाला. “गच्चीवर.”

आणि मग निंगप्पाच्या ध्यानात आलं. त्याचा चेहरा आधी उजळला, मग एकदम पडला. “म्हणजे नेम नव्हताच? मग मी माफी कशाची मागितली? दाजी, हे चालायचं नाही. माझी माफी परत द्या.”

“दिलेलं परत मागतोस?” शिवलीला कडाडली. “आणि पडले ते कुणाच्या शेंगांवर?”

“अक्का, शेंगा मी खायला पाठवल्या होत्या, चालायला नाही!”

“साकु!” ती माहेरच्या भाषेत ओरडली, पुरे म्हणून. तो गप्प बसला.

अमरेश हसत नव्हता. “काका, एकच सांगा. गुरुवारी तुम्ही उचलली असती काठी?”

“नाही,” गुरुशांत म्हणाला. “शनिवारीच ठरवलं होतं, तुला सांगायचं. अकरापासून सांगतोय. तूच बोलू देईनास.”

अमरेशला तो हार, ती खूण, ‘पावलं मोजतायत’ हे सगळं आठवलं असावं. त्याच्या ओठाचा एक कोपरा सुटला. “आणि आता दोनशे पावलांचं काय करू? माझी माणसं सगळी नेमून झालीत.”

“मी आहे की,” निंगप्पा म्हणाला.

पोरं हसली. गुरुशांतही हसला. “निंगप्पा, वारा सुटला तर काठी तुला घेऊन अक्कलकोटला जाईल.” नऊ वर्षांत निंगप्पाला उत्तर देताना पहिल्यांदाच त्याला आधी जुळवाजुळव करावी लागली नव्हती. मग तो अमरेशकडे वळला. “बिभीषणला दे.”

“मी?” बिभीषणनं हातातलं पोतं खाली ठेवलं. “मालक, मी पोत्याचा मानूस.”

“अमरेश, मी सात आठवडे पाणी पीत होतो तेव्हा काठी कुणाच्या कंबरेला असायची?”

“ते मी बघितलंय,” अमरेश म्हणाला. “खरं सांगू का काका, दोघांतला कोण जास्त सरळ चालतो, तेही बघितलंय.” मग त्यानं त्याच दिवशी संध्याकाळी बिभीषणची रीतसर परीक्षा घेतली. दीडशेला अमरेशनंच थांबवलं.

त्या दुपारी दवाखान्यात हाडाला चीर निघाली. सहा आठवड्यांचं प्लास्टर. कंपाउंडरनं बातमी कुणालाच सांगितली नाही, कारण सांगायला कुणी उरलं नव्हतं.

गुरुवारी गिरणीसमोर काठी बिभीषणच्या कंबरेला लागली. गुरुशांतची नवी बाराबंदी त्याला छातीत जराशी आवळत होती. गुरुशांत पायरीवर खुर्चीत, प्लास्टरचा पाय स्टुलावर. सवयीनं त्यानं आधी शेंडा बघितला. सरळ होता. ही पावलं त्याची होती. प्रत्येक पावलामागं त्यानं न खाल्लेलं काहीतरी होतं.

मग त्यानं खाली बघितलं. काठीबरोबरच्या सगळ्या वर्षांत त्यानं या रस्त्याकडे कधी खाली बघितलंच नव्हतं. दुकानापासून चार हातांवर गटाराचं झाकण एका बाजूनं खचलं होतं. हार-फुलांच्या पायघड्यांखाली ते अर्धं झाकलं होतं, पोरांचं लक्ष नव्हतं.

“बिभीषण! उजवीकडं! झाकण आहे, उजवीकडं घे!”

बिभीषणनं वर बघतच पाऊल उजवीकडं टाकलं. शेंडा हलला नाही. काठी पुढं गेली. बजाबाईंनी मोजली ती दोनशे सहा पावलं.

सगळ्याचा ताळा लागला तो फेब्रुवारीच्या शेवटी. बिभीषणच्या पदरात दोनशे सहा पावलं पडली, आणि पुढच्या वर्षीची जागा अमरेशनं आत्ताच त्याच्या नावावर लावून टाकली. निंगप्पा पाच दिवसांसाठी आला होता. बहिणीनं त्याला दुकान सांभाळायला एकेचाळीस दिवस ठेवून घेतलं. दुधनीला परत गेला तेव्हा त्याचे दंड भरले होते आणि बोलायला वेळ मिळेनासा झाला होता. गुरुशांतचे सात आठवडे गेले, वर सहा गेले, आणि पाहुण्यांनी आजाऱ्याला म्हणून आणलेल्या डब्यांतून उतरलेल्या अकरा किलोंपैकी आठ परत आले. हे आठ किलो येत असताना पलंगावरून मोरीपर्यंत आणि मोरीतून पलंगापर्यंत दिवसातून पाच वेळा त्याला उचलून नेलं ते शिवलीलानं.

प्लास्टर कापलं त्या दिवशी गुरुशांत डॉक्टरांच्या खोलीतून स्वतःच्या दोन पायांवर बाहेर आला. शिवलीला आतच राहिली. तिची कंबर धरली होती. डॉक्टरांनी तिला दीड महिना काहीही उचलायला मनाई केली. पाय मोडला त्याचा, पावलं मिळाली बिभीषणला, आणि भरपाई गेली तिच्या कंबरेतून.